सत्तर टक्के: लंडनचा नौदल करार आणि हामागुची मंत्रिमंडळ, १९३०

१४ मार्च १९३० रोजी लंडनहून निघालेली एक महत्त्वाची तार दुसऱ्या दिवशी टोकियोत येऊन पोचली. ती पाठवणारे चौघे लंडनच्या नौदल परिषदेतले जपानचे प्रतिनिधी होते: माजी पंतप्रधान वाकात्सुकी रेइजिरो, नौदलमंत्री ताकाराबे ताकेशी, लंडनमधले राजदूत मात्सुदाइरा त्सुनेओ आणि बेल्जियममधले राजदूत नागाई मात्सुझो. मजकुराचा मथितार्थ असा, की घासाघीस करून आम्ही इथवर आलो आहोत, यापुढे समोरचे फार काही सोडतील असं दिसत नाही. आता काय करायचं ते सरकारने सांगावं.

सरकारला उत्तर धाडायला सतरा दिवस लागले. ते सतरा दिवस आणि पुढचे सहा महिने हा या प्रकरणाचा गाभा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. करारावर सही करण्याचा पंतप्रधान हामागुची ओसाची यांच्या मंत्रिमंडळाचा निर्णय योग्य होता आणि तो त्यांनी विलक्षण धैर्याने तडीस नेला. पण नौकांच्या टनांचं भांडण जिंकताना त्याच्या पोटात दडलेलं दुसरं भांडण त्यांनी तसंच राहू दिलं: देशाला किती आरमार हवं हे अखेर ठरवायचं कोणी? ते भांडण पुढे हामागुचींच्या जिवावर उठलं, आणि ज्यांनी ते संसदेत पेटवलं त्यांच्याही.

सात आणि सहा यांच्यामधली रेघ

जपानी नौदलाच्या आराखड्यात खरा प्रतिस्पर्धी एकच होता, अमेरिका. कल्पना अशी, की अमेरिकेचं आरमार पॅसिफिक ओलांडून येणार, वाटेत जपानी पाणबुड्या आणि क्रूझर त्याचे लचके तोडणार, आणि मग जपानजवळच्या पाण्यात एकच निर्णायक लढाई होणार, १९०५ साली त्सुशिमाला रशियाबरोबर झाली तशी. चाल करून येणाऱ्या आरमाराला जिंकायचं तर ते बचाव करणाऱ्याच्या दीडपट हवं, असं गृहीत होतं. आता हिशोब करून पाहा. अमेरिकेकडे १० नौका आणि जपानकडे ७ असतील, तर अमेरिका १.४३ पट, दीडपटीच्या आत. तेच १० ला ६ असतील, तर १.६७ पट, दीडपटीच्या बाहेर. जय आणि पराजय यांच्यामधली रेघ सात आणि सहा यांच्यामध्येच कुठेतरी आहे, हे एका अख्ख्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी पाठ केलं होतं. दहा टक्क्यांसाठी एवढा आटापिटा कशाला, असं आज वाटतं. त्यांच्या लेखी सगळं काही त्या दहा टक्क्यांतच होतं.

६ फेब्रुवारी १९२२ रोजी वॉशिंग्टनला झालेल्या करारात मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण ५:५:३ असं ठरलं. ब्रिटन आणि अमेरिका प्रत्येकी ५,२५,००० टन, जपान ३,१५,००० टन. म्हणजे साठ टक्के. (त्या करारावर हिंदुस्थानतर्फे सही आहे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांची. गोखल्यांच्या मागे पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे तेच शास्त्री.) जपानी शिष्टमंडळाचे प्रमुख कातो तोमोसाबुरो यांनी साठ टक्के मान्य केले, त्यांच्याच शिष्टमंडळातले नौदल सल्लागार कातो कांजी यांनी कडाडून विरोध केला. आडनाव एक, नातं काही नाही. त्या वाटाघाटींच्या वेळी टोकियोच्या गुप्त तारा अमेरिकन सांकेतिक लिपीतज्ज्ञ वाचत होते आणि जपान कुठवर खाली यायला तयार आहे हे त्यांना आधीच कळलं होतं. ही गोष्ट १९३१ साली जाहीर झाली तेव्हा जपानमध्ये केवढा संताप झाला असेल याची कल्पना करता येते.

थोरल्या कातोंनी, म्हणजे तोमोसाबुरोंनी, २७ डिसेंबर १९२१ रोजी, वॉशिंग्टनमधूनच, नौदल खात्यासाठी एक निवेदन तोंडी सांगितलं. त्याचा आशय असा: राष्ट्राचं संरक्षण ही एकट्या लष्करी माणसांची मिरास नाही. पैसा नसेल तर युद्ध करता येत नाही. आपलं युद्ध होण्याचा संभव आहे तो अमेरिकेशी, आणि युद्धासाठी कर्ज देऊ शकेल असा देशही अमेरिकाच. तेव्हा अमेरिकेशी युद्ध टाळणं भाग आहे. इतकं स्वच्छ बोलणारा दर्यासारंग त्या काळात कुठल्याही देशात विरळाच. हे निवेदन लिहून घेतलं होरी तेइकिची या तरुण अधिकाऱ्याने. हे नाव शेवटी पुन्हा येणार आहे.

कातो तोमोसाबुरो १९२३ साली पंतप्रधानपदावर असतानाच वारले. धाकटे कातो, म्हणजे कांजी, मात्र १९२९पासून युद्धाचे आराखडे आखणाऱ्या नौदल मुख्यालयाचे प्रमुख होते.

वॉशिंग्टनच्या कराराला एक मोठं भगदाड होतं. दहा हजार टनांच्या आतल्या आणि आठ इंचांपर्यंतच्या तोफा असलेल्या क्रूझर कोणी किती बांधाव्यात यावर त्यात बंधनच नव्हतं. साहजिकच सगळ्यांनी नेमक्या दहा हजार टनांच्या, नेमक्या आठ इंची तोफांच्या जड क्रूझर बांधायला घेतल्या. हे भगदाड बुजवायला १९२७ साली जिनिव्हात परिषद भरली. ब्रिटनला दूरवरच्या सागरी वाटा राखायला सत्तर क्रूझर हव्या होत्या, अमेरिकेला थोड्या पण जड. जपान मध्यस्थासारखा बसून राहिला आणि परिषद मोडली. त्यानंतर १९२९ साली अमेरिकेत हूवर आणि ब्रिटनमध्ये मॅकडोनल्ड आले; मॅकडोनल्ड स्वतः अमेरिकेला जाऊन हूवरना भेटले; ब्रिटनने सत्तरचा आकडा पन्नासवर आणला आणि लंडनच्या परिषदेचं निमंत्रण निघालं.

तीन अटी आणि एक चूक

हामागुचींचं मिनसेइतो पक्षाचं सरकार २ जुलै १९२९ रोजी आलं. धिप्पाड बांधा आणि आयाळीसारखे केस यांमुळे त्यांना लोक 'सिंह' म्हणत. अर्थमंत्री इनोउए जुन्नोसुके आणि परराष्ट्रमंत्री शिदेहारा किजुरो ही त्यांची दोन माणसं. इनोउएंना येन पुन्हा सोन्याशी बांधायचा होता, तोही महायुद्धाआधीच्या जुन्या भावाने. त्यासाठी सरकारी खर्च निर्दयपणे कापायला हवा होता. ऑक्टोबर १९२९मध्ये त्यांनी सरकारी नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात जाहीर करून पाहिली. ओरड झाली आणि ती मागे घ्यावी लागली. ११ जानेवारी १९३० रोजी येन सोन्यावर आला, तो अमेरिकन आणि ब्रिटिश बँकांकडून दहा कोटी येनच्या पतपुरवठ्याची तजवीज करून. ज्यांच्याकडून पत घ्यायची त्यांच्याशीच जहाजांची शर्यत लावायची, हे न जमणारं होतं. शर्यतीचा खर्च काय असतो हे जपानने पाहिलंही होतं: १९२१ साली राष्ट्रीय खर्चाचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या नौदलावर गेला होता.

म्हणजे सरकारला करार हवाच होता. तरीही नोव्हेंबर १९२९मध्ये याच मंत्रिमंडळाने नौदलाच्या 'तीन मूलभूत अटी' मंजूर केल्या. पहिली, सहायक नौकांमध्ये (क्रूझर, विनाशिका आणि पाणबुड्या मिळून) एकूण अमेरिकेच्या सत्तर टक्के. दुसरी, त्यांतल्या जड क्रूझरमध्येही सत्तर टक्के. तिसरी, पाणबुड्यांचं असलेलं ७८,००० टनांचं बळ कायम.

पहिली चूक मला इथे दिसते. अटी मागण्यात काही गैर नव्हतं. वाटाघाटीला जाणारा प्रत्येकजण चढा आकडा घेऊन जातो. पण या अटी म्हणजे राष्ट्राच्या जिवंत राहण्याची किमान मर्यादा, असा प्रचार नौदलाने वर्तमानपत्रांतून चालवला आणि सरकारने तो चालू दिला. जी गोष्ट उद्या थोडी सोडावी लागणार हे ठाऊक आहे, तिच्यावर आज सगळ्या देशाला शपथ घ्यायला लावली, तर उद्या सोडणारा गद्दारच ठरणार. आणखी एक. नौदलमंत्रीच लंडनला गेल्यामुळे त्याच्या खात्याचा तात्पुरता कारभार हामागुचींनी स्वतःकडे घेतला. मुलकी माणसाने हे खातं सांभाळण्याची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा ते हारा ताकाशी यांनी सांभाळलं होतं, वॉशिंग्टन परिषदेच्या वेळी. आणि परिषद सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, ४ नोव्हेंबर १९२१ला, टोकियो स्टेशनवर त्यांचा खून झाला होता.

लंडन: १,२९० टनांची तूट

२१ जानेवारी १९३० रोजी राजे पाचवे जॉर्ज यांनी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या दालनात परिषदेचं उद्घाटन केलं. भाषण रेडिओवरून जगभर गेलं. महिनाभराने, २० फेब्रुवारीला, जपानमध्ये निवडणूक झाली आणि हामागुचींच्या पक्षाला ४६६पैकी २७३ जागा मिळाल्या. एवढं बहुमत पाठीशी असलेला पंतप्रधान ही पुढच्या घटनांमधली मोठी गोष्ट आहे.

लंडनमध्ये खरी बोलणी झाली ती अमेरिकन सेनेटर डेव्हिड रीड आणि राजदूत मात्सुदाइरा यांच्यात. १३ मार्चला जी तडजोड निघाली तिचे आकडे असे. जड क्रूझर: अमेरिका १८ नौका, १,८०,००० टन, जपान १२ नौका, १,०८,४०० टन. हलक्या क्रूझर: १,४३,५०० आणि १,००,४५०. विनाशिका: १,५०,००० आणि १,०५,५००. पाणबुड्या: दोघांनाही ५२,७००. बेरीज अमेरिकेची ५,२६,२०० आणि जपानची ३,६७,०५० टन. म्हणजे ६९.७५ टक्के.

पूर्ण सत्तरला कमी पडले १,२९० टन. त्या काळच्या एका मोठ्या जपानी विनाशिकेच्या वजनापेक्षाही कमी.

पहिली अट अशी जवळजवळ पुरी झाली. दुसरी मात्र कागदावर साफ मोडली, कारण जड क्रूझरमध्ये प्रमाण साठच टक्के राहिलं. त्यावर तोड अशी काढली, की अमेरिकेने आपल्या अठरांपैकी शेवटच्या तीन क्रूझरची बांधणी १९३३, १९३४ आणि १९३५ अशी लांबवायची. करार १९३६अखेर संपणार होता, आणि तोवर त्या तिन्हींपैकी फार तर एकच सेवेत येऊ शकणार होती. करार चालू असेपर्यंत प्रत्यक्षात प्रमाण सत्तरच्याच आसपास राहणार होतं. तिसरी अट, पाणबुड्यांची, गेली. पण अमेरिकेशी बरोबरी मिळाली.

नौदलाच्या तक्रारीत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. जपानला मिळालेल्या बारा जड क्रूझर म्हणजे बांधून झालेल्या आणि बांधायला घेतलेल्याच होत्या: ७,१०० टनांच्या चार आणि दहा हजारांच्या आठ. म्हणजे जपानने जिथे आहे तिथेच थांबायचं आणि अमेरिकेने बांधत बांधत पुढे जायचं. पाणबुड्यांवर तर त्यांच्या लचके तोडण्याच्या सगळ्या डावाची भिस्त होती, आणि त्यांत २५,३०० टनांची तूट आली. हे एखाद्या अधिकाऱ्याला टोचलं तर नवल नाही. मात्र या हिशोबात नौदल एक गोष्ट धरतच नव्हतं. करार जपानला जितका बांधत होता, त्याहून कितीतरी जास्त अमेरिकेला बांधत होता. मनात आणलं तर अमेरिका किती बांधू शकते हे पुढे दिसलं: जुलै १९४०च्या एकाच कायद्याने तिने आपल्या आरमारात १३,२५,००० टनांची भर मंजूर केली. १९३०च्या करारात जपानला मिळालेल्या एकूण वजनाच्या साडेतीन पटींहून अधिक. थोरल्या कातोंना हे १९२१ सालीच दिसत होतं.

सतरा दिवस

तार आली आणि टोकियोतलं नौदल उभं दुभंगलं. एका बाजूला नौदल खातं: उपमंत्री यामानाशी कात्सुनोशिन आणि नौदल व्यवहार विभागाचे प्रमुख होरी तेइकिची. दुसऱ्या बाजूला नौदल मुख्यालय: कातो कांजी आणि त्यांचे दुय्यम सुएत्सुगु नोबुमासा. १७ मार्चला सुएत्सुगुंनी नौदलाची नाराजी परस्पर वर्तमानपत्रांना देऊन टाकली. त्सुशिमाचे विजेते, वृद्ध दर्यासारंग तोगो हेइहाचिरो कातोंच्या बाजूने उभे राहिले. ताकाराबे लंडनला जाताना पत्नीला बरोबर घेऊन गेले, हेसुद्धा तोगोंना खटकलं होतं. लढाईवर जाताना बायकोला कोण नेतं, असा त्यांचा सवाल होता. खुद्द ताकाराबेंची अवस्था दोन्ही डगरींवर हात ठेवल्यासारखी. चौघांच्या तारेवर त्यांची सही होती, आणि आपण समाधानी नसल्याचं ते वेगळ्या तारेने कळवत होते.

या गोंधळात मध्यस्थी केली ती ओकादा केइसुके या अनुभवी दर्यासारंगाने. ते कातोंकडे जात, ऐकून घेत, मग यामानाशींकडे येत, मग तोगोंकडे. करार मोडू नये आणि नौदलही फुटू नये अशी त्यांची खटपट. मला या प्रकरणात सर्वांत मोलाची माणसं वाटतात ती यामानाशी आणि ओकादा. कुठल्याही फोटोत पुढे न दिसणारी, एका दालनातून दुसऱ्या दालनात निरोप नेणारी. अशी माणसं नसती तर पंतप्रधानाच्या नुसत्या निर्धाराने काही झालं नसतं.

निर्धार मात्र होता. मार्चअखेरीस हामागुचींनी यामानाशींना सांगितलं, की सरकार गेलं, पक्ष गेला, स्वतःचा जीव गेला तरी आपण यातून हटणार नाही. २७ मार्चला ते सम्राटांना भेटले आणि जागतिक शांततेसाठी झटावं हीच सम्राटांची इच्छा असल्याची खूणगाठ बांधून परतले.

आता तो नाजूक प्रसंग. कातो कांजींना थेट सम्राटांपुढे जाऊन विरोध नोंदवायचा होता. मुख्यालयप्रमुख म्हणून तो त्यांचा अधिकारच होता. सम्राटांचे मुख्य चेंबरलेन होते सुझुकी कांतारो. स्वतः दर्यासारंग, आणि कातोंच्या आधी त्याच खुर्चीवर बसलेले. त्यांनी कातोंना थोडं थांबायला सांगितलं. १ एप्रिलच्या सकाळी हामागुचींनी ओकादा, कातो आणि यामानाशी यांना बोलावून सरकारचा मनोदय सांगितला. ओकादा म्हणाले, की निर्णय होत असेल तर आहे त्या मर्यादेत नौदल मार्ग काढील. कातोंनी युद्धनीतीच्या दृष्टीने अडचण असल्याचं सांगितलं. मग मंत्रिमंडळाची बैठक झाली, हामागुची सम्राटांकडे जाऊन आले आणि लंडनला होकाराची तार गेली. पुढच्या परिषदेत जपानचे हात या आकड्यांनी बांधलेले नसतील, ही पुस्ती जोडून. कातोंना सम्राटांपुढे जायला मिळालं ते दुसऱ्या दिवशी, २ एप्रिलला, निर्णय होऊन गेल्यावर.

सुझुकींचा हेतू वाईट नव्हता. सम्राटांपुढे पंतप्रधान एक सांगणार आणि मुख्यालयप्रमुख नेमकं उलटं, हा पेच त्यांना टाळायचा होता. तरी ही दुसरी चूक होती, असं मला वाटतं. कातोंना ३१ मार्चला जाऊ दिलं असतं आणि त्यानंतरही मंत्रिमंडळाने आपला निर्णय घेतला असता, तर 'लष्कराचं ऐकलं, पण ठरवलं आम्ही' असं छातीठोकपणे म्हणता आलं असतं. कातोंना एक दिवस अडवून विरोधकांच्या हाती आयतं कोलीत दिलं गेलं.

२२ एप्रिलला लंडनमध्ये सह्या झाल्या. नौकांच्या टनांच्या भागातून फ्रान्स आणि इटली बाहेर राहिले. हिंदुस्थानतर्फे सही केली हायकमिशनर अतुल चटर्जींनी. दांडीला गांधीजींनी मीठ उचललं त्याला तेव्हा सोळा दिवस झाले होते.

तीन राजधान्या

नाराज दर्यासारंग फक्त टोकियोत होते असं नाही. वॉशिंग्टनमध्ये नौदलाच्या जनरल बोर्डाला २१ जड क्रूझर हव्या होत्या, परराष्ट्रमंत्री स्टिमसन १८वर तयार झाले. अधिकाऱ्यांनी सेनेटच्या समित्यांपुढे कराराविरुद्ध साक्षी दिल्या. लंडनमध्ये सत्तरच्या पन्नास क्रूझर झाल्या म्हणून बीटींसारखा नामांकित दर्यासारंग लॉर्ड्समध्ये टीका करत होता. पण तिकडे त्या तक्रारीला जायला एकच वाट होती आणि ती संसदेत येऊन संपत होती. २१ जुलैला अमेरिकन सेनेटने ५८ विरुद्ध ९ मतांनी करार मंजूर केला आणि विषय मिटला.

जपानमध्ये वाट दुहेरी होती. १८८९च्या राज्यघटनेच्या ११व्या कलमानुसार लष्कराचं आणि नौदलाचं सेनापतित्व सम्राटांकडे. या अधिकाराला म्हणायचे तोसुइकेन, आणि त्यात सल्ला द्यायचा तो मुख्यालयांनी, मंत्रिमंडळाने नव्हे. १२व्या कलमानुसार सैन्याची रचना आणि शांतताकाळातलं संख्याबळही सम्राट ठरवणार. प्रश्न असा, की १२व्या कलमाखाली सम्राटांना सल्ला कोणी द्यायचा? घटनापंडित मिनोबे तात्सुकिची यांनी लिहिलं, की तो मंत्रिमंडळाचा विषय आहे. मुख्यालयाचं मत विचारात घ्यावं, पण ते बंधनकारक नाही. कातोंचा पक्ष म्हणे, संख्याबळ ठरवणं हा सेनापतित्वाचाच भाग, आमच्या संमतीशिवाय त्याला हात लावता येत नाही.

यात विरोधी सेइयुकाई पक्षाने उडी घेतली, आणि ती वाचताना मला आजही हळहळ वाटते. पक्षाचे नेते होते इनुकाई त्सुयोशी. आयुष्यभर घटनात्मक राज्यपद्धतीसाठी झगडलेला, लष्करशाहीवर बोट ठेवणारा माणूस. एप्रिलअखेर संसदेत त्यांनी विचारलं, की सरकार म्हणतं संरक्षण अबाधित आहे, नौदल मुख्यालय म्हणतं या बळावर संरक्षण करता येणार नाही. लोकांनी कोणावर विश्वास ठेवायचा? त्यांचे सहकारी हातोयामा इचिरो यांनी तर सरकारने सेनापतित्वाचा अधिकारच तुडवला असा थेट आरोप केला. सरकार खाली खेचायची संधी दिसली आणि निवडून आलेल्या लोकांनीच सांगितलं, की असल्या बाबतीत निवडून आलेल्या सरकारने सैन्याच्या पुढे जाऊ नये.

हामागुची काय म्हणाले? लष्कराच्या मताचा पूर्ण विचार करूनच निर्णय घेतला आहे, जबाबदारी सरकारची आहे. मुख्यालय सहमत होतं का, यावर उत्तर नाही. घटनेचा अर्थ कोणता, यावरही नाही. मिनोबेंचा युक्तिवाद तयार होता, २७३ जागा होत्या, बहुतेक वर्तमानपत्रं बाजूने होती. घटनेतला हा प्रश्न तडीला लावायला इतकी अनुकूल वेळ पुन्हा येणार नव्हती. पण करार अजून सम्राटांच्या मंजुरीसाठी प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे सम्राटांच्या सल्लागार मंडळापुढे, जायचा होता आणि आधी तो वाचवावा असं त्यांनी ठरवलं. राजकारणी म्हणून हे समजण्यासारखं आहे. तरी किंमत मोठी पडली.

ती कशी पडली याचा पुरावा त्याच उन्हाळ्यात तयार झाला. परतलेल्या ताकाराबेंना नौदलातला राग शमवायचा होता. जूनमध्ये कातोंनी सम्राटांकडे राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी सौम्य वृत्तीचे तानिगुची नाओमी आले. मात्र या तडजोडीत एक लेखी मसुदा मान्य झाला: नौदलाच्या बळाविषयीच्या बाबतींत नौदलमंत्री आणि मुख्यालयप्रमुख यांचं एकमत असलं पाहिजे. वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या या ओळीने मुख्यालयाला नकाराधिकार दिला. १ एप्रिलला सरकारने जे प्रत्यक्ष करून दाखवलं होतं, ते यापुढे करता येणार नाही असं कागदावर आलं. जुलैमध्ये सम्राटांना लष्करी सल्ला देणाऱ्या युद्धमंडळाने करारामुळे राहणारी तूट भरून काढण्याची योजना हवी असं सांगितलं. कराराच्या बाहेर असलेल्या गोष्टी, त्यांत नौदलाची विमानदलं, यांवर पैसा वळला. करकपातीसाठी वाचवलेल्या पैशातला मोठा वाटा असा परत नौदलाकडे गेला.

प्रिव्ही कौन्सिलमध्ये इतो मियोजींच्या समितीने दोन महिने छळलं. युद्धमंडळाने सम्राटांना दिलेलं उत्तर आम्हाला दाखवा, असा हट्ट धरला. हामागुचींनी साफ नकार दिला. ज्येष्ठ मुत्सद्दी साइओंजी त्यांच्या पाठीशी होते. सप्टेंबरच्या मध्याला समितीने माघार घेतली, १ ऑक्टोबरला कौन्सिलने मान्यता दिली आणि २ तारखेला करार मंजूर झाला. २७ ऑक्टोबरला हूवर, मॅकडोनल्ड आणि हामागुची या तिघांची भाषणं रेडिओवरून जगाने ऐकली.

नंतर

१४ नोव्हेंबर १९३० रोजी सकाळी ओकायामाला लष्करी कवायती पाहायला निघालेल्या हामागुचींवर टोकियो स्टेशनच्या फलाटावर एका अतिरेकी राष्ट्रवादी तरुणाने गोळी झाडली. स्टेशनात त्या घटनेची खूण आजही आहे. पोटात गोळी लागूनही ते वाचले. फेब्रुवारीत हंगामी पंतप्रधान शिदेहारा संसदेत म्हणून गेले, की सम्राटांनीच करार मंजूर केला आहे, तेव्हा संरक्षणाला धोका नाही हे उघडच आहे. सम्राटांच्या आड लपता, म्हणत विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. पंतप्रधानांनी स्वतः हजर व्हावं असा हेका धरला गेला. अशक्त हामागुची मार्च १९३१मध्ये सभागृहात आले, प्रकृती ढासळली, एप्रिलमध्ये त्यांनी पद सोडलं आणि २६ ऑगस्टला ते गेले. तेवीस दिवसांनी मांचुरियात जपानी सैन्याने सरकारला न विचारता युद्ध सुरू केलं.

फेब्रुवारी १९३२मध्ये इनोउएंचा खून झाला. त्या वेळी पंतप्रधान इनुकाई होते. १५ मे १९३२ रोजी नौदलाचे तरुण अधिकारी त्यांच्या निवासस्थानी घुसले आणि त्यांनी या वृद्धाला गोळ्या घातल्या. नौदलाच्या वतीने संसदेत प्रश्न विचारून दोन वर्षं झाली होती. फेब्रुवारी १९३६च्या बंडात ओकादा आणि सुझुकी या दोघांवरही हल्ले झाले. ओकादा लपून वाचले, सुझुकी मरता मरता.

ऑक्टोबर १९३३मध्ये नियम बदलून नौदलाचं बळ ठरवण्याच्या कामात मुख्यालयाचा अधिकार वाढवला गेला. कराराच्या बाजूने उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्यांना एकेक करून निवृत्त करण्यात आलं: यामानाशी, तानिगुची आणि इतर. १९३४च्या अखेरीस नव्या परिषदेची पूर्वतयारी करायला यामामोतो इसोरोकु लंडनमध्ये होते. त्यांचे जिवलग मित्र होरी तेइकिची यांना त्याच डिसेंबरात नौदलातून काढण्यात आलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २९ डिसेंबरला, जपानने वॉशिंग्टन करारातून बाहेर पडत असल्याचं कळवलं. त्या कराराच्या वेळी पैशाशिवाय युद्ध करता येत नाही हे थोरल्या कातोंचं वाक्य होरींनीच लिहून घेतलं होतं.